नेम धरायची काच

माझं काम काचा पाहण्याचं. कॅमेऱ्याची लेन्स दिव्याखाली तिरकी धरायची, ओरखडा, बुडबुडा, धुरकटपणा शोधायचा आणि पास की नापास ते सांगायचं. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढून पगार घेणाऱ्या बाईचा स्वभाव कसा असेल, हे वेगळं सांगायला नको.

नवऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं तेव्हा तो मुलाला घेऊन पुण्याला गेला आणि मी नोकरीसाठी मागे राहिले. टोकियोतल्या निशी-कसाईचं घर सोडून जवळच फुनाबोरीला एका खोलीत आले. निशी-कसाईच्या भारतीय दुकानात पोहे आणायला गेलं की ओळखीच्या बायका हटकून विचारायच्या, "अगं, तू कधी जाणार परत?" म्हणून मी पोहे खाणंच सोडलं. रविवारी व्हिडिओ कॉल असायचा. मुलगा इथे वाढलेला; मी मराठीत विचारायचे, तो जपानीत उत्तर द्यायचा आणि त्याची आजी मागून विचारायची, "काय म्हणाला गं?" फोन ठेवल्यावर खोली खायला उठायची. मग मी भूक नसतानाही कुकर लावायचे, शिट्टीचा तरी आवाज व्हावा म्हणून.

शेजारच्या आजींची ओळख लिफ्टमध्ये झाली. मी ओढणीने चष्मा पुसत होते. "काच अशी पुसतात?" त्या कडाडल्या. मी काय काम करते ते सांगितल्यावर त्यांना हसू आवरेना. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! नव्वदी ओलांडलेल्या, ताठ, आणि माझ्यासारख्याच एकट्या. दर शनिवारी त्या माझ्याकडे चहाला यायला लागल्या. दूध-साखर घातलेला चहा म्हणजे पक्वान्न आहे, असं म्हणत दोन कप प्यायच्या. आठवड्यात माझ्याशी कामाशिवाय बोलणारं तेवढंच एक माणूस होतं.

अशाच एका शनिवारी त्यांनी सांगितलं. युद्धात त्या चौदा वर्षांच्या होत्या. वर्गातून उठवून मुलींना डोंगरात हलवलेल्या एका कारखान्यात नेलं. विमानातून बॉम्ब टाकताना नेम धरायची जी दुर्बीण असते, तिच्या काचा तिथे व्हायच्या. लाल पूड लावून काच घासत बसायचं. हात सदा रंगपंचमी खेळल्यासारखे. मुकादम काचा परत करायचा आणि ओरडायचा, "यातून शत्रू कसला दिसतोय, चंद्रसुद्धा दिसणार नाही!" त्या काळात इकडे टोकियोत त्यांची आई जळून गेली. अमेरिकन विमानं आधी फार उंचावरून यायची, पण इथल्या वरच्या वाऱ्यात त्यांचा नेम लागेना. मग ती रात्रीची खाली आली आणि त्यांनी वस्त्याच्या वस्त्या पेटवून दिल्या. तिथे कसला नेम आणि कसलं काय.

"आमच्या काचा मात्र टाकाऊच होत्या," आजी म्हणाल्या. "पोरींनी घासलेल्या. त्यातून कुणाचा नेम लागला नसणार. हो ना?"

या एका वाक्याच्या आधारावर बाईंनी उभं आयुष्य काढलं होतं. आई गेली ती दुसऱ्यांच्या बॉम्बनी. आपल्या काचेतून बघून कुणाच्या आईवर बॉम्ब पडला नाही, एवढं त्यांना पक्कं हवं होतं. त्या कारखान्याच्या गावात एका निवृत्त शिक्षकाने जुन्या वस्तूंचं छोटं संग्रहालय मांडलं होतं आणि तिथे तशी एक दुर्बीण होती. "तू बघून सांग. तुझा धंदाच आहे," त्या म्हणाल्या.

आम्ही ट्रेनने निघालो. वाटेत मी ठरवून टाकलं, काच कशीही असो, नापास म्हणायचं. माझ्या तोंडच्या एका शब्दाने म्हातारीला शेवटची वर्षं शांत झोप लागणार असेल, तर खोटं बोलायला माझं काय जातंय?

दुर्बीण म्हणजे एक काळी पेटी, तिच्यावर आकड्यांच्या चकत्या आणि डोळा लावायची नळी. शिक्षकांनी समजावून सांगितलं. नेमाची जागा बरोबर विमानाखाली आल्यावर बॉम्ब सोडून चालत नाही. चालत्या बसमधून उतरताना आपण पुढे ढकलले जातो, तसा तो विमानाबरोबर पुढे जात जात पडतो. उंची, वेग, वारा चकत्यांवर लावायचे आणि काचेतली फुली त्या जागेवर धरून ठेवायची. किती आधी सोडायचा ते यंत्र सांगतं. काचा मूळच्याच आहेत, इथल्याच कारखान्यातल्या, असंही ते म्हणाले. मग त्यांनी खाली जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं.

मी डोळा लावला आणि ठरवलेलं सगळं विसरले. बारीक अक्षरं अगदी कडेपर्यंत लख्ख. कडेला रंगाची झाक नाही, धुरकटपणा नाही. कोपऱ्यात थोडी बुरशी होती, पण ती नंतरची. आमच्या कामावर चांगला नग हातात आला की घासणाऱ्याला तसं सांगायची पद्धत आहे. इतक्या वर्षांच्या सवयीने मी मान वर करून म्हटलं, "सुंदर पॉलिश आहे."

आणि घासणाऱ्याने आभार मानायचे असतात. आजी कमरेत वाकल्या आणि म्हणाल्या, "आभारी आहे."

त्या वाकलेल्याच राहिल्या. शिक्षकांना वाटलं, पाठीत उसण भरली. ते खुर्ची आणायला धावले. मला मात्र जीभ हासडून टाकावीशी वाटली.

आजींनी स्वतः दुर्बिणीला डोळा लावला नाही. चहा घेतला, शिक्षकांना नमस्कार केला आणि आम्ही परतीची ट्रेन धरली. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हाताने थांबवलं.

"त्या कारखान्यात आम्हाला कुणी कधी चांगलं म्हटलं नाही," त्या म्हणाल्या. "एकदा तरी कुणी म्हणावं म्हणून मी बोटं सोलून निघेपर्यंत घासत होते. आज तू म्हणालीस."

"आजी, ती काच तुमचीच असेल असं थोडंच आहे?"

"ते नाही गं. तू म्हणालीस आणि मला आनंद झाला. त्यातून नेम लागला असणार, तरी मला आनंद झाला, कळतंय का तुला?"

मी "हो" म्हटलं. त्या रडायला लागल्या, अगदी मोठ्याने. मी त्यांचा हात घट्ट धरून बसले. डबा माणसांनी भरलेला होता, पण एकानेही आमच्याकडे पाहिलं नाही.