लाल गाडीची टिकटिक

गॅरेजमध्ये त्यांना सगळे कानसेन म्हणत. खरं नाव बाहेरच्या पाटीवर होतं, पण पाटीचा रंग उडत गेला तसं लोकांच्या तोंडून तेही गेलं. बॉनेट उघडायच्या आधी, नुसता इंजिनाचा आवाज ऐकून ते सांगायचे, "तिसऱ्या सिलिंडरचा प्लग बघ," किंवा "पट्टा ढिला झालाय," आणि उघडल्यावर नेमकं तेच निघायचं. डोळे मिटून ते गाडीपाशी उभे राहिले की आजूबाजूची माणसं निकाल लागायची वाट बघत असल्यासारखी चिडीचूप होत. दुरुस्तीपेक्षा हा तमाशा बघायलाच काहीजण यायचे, असं त्यांची बायको म्हणायची.

पण गेल्या काही वर्षांत त्या कानांनी दगा दिला होता. सगळा जन्म ग्राइंडर, हातोडे आणि कॉम्प्रेसरच्या शेजारी काढलेला, दुसरं काय होणार? जाड, घुमणारे आवाज अजून नीट यायचे. बारीक आवाज मात्र एकेक करून निघून गेले. दाराची बेल गेली, मोबाइलची रिंग गेली, बायांचं हळू बोलणं गेलं. कानसेनांना हे पुरतं ठाऊक होतं आणि त्यांनी ते कोणालाही सांगितलं नव्हतं. ज्याला गावभर कानांसाठी ओळखतात, त्याने हे कुठल्या तोंडाने सांगायचं? समोरच्याच्या ओठांकडे बघून ते बोलणं जुळवून घेत. फोन आला की "माझे हात बरबटलेत रे" म्हणून धाकट्या भावाकडे सरकवत.

हा धाकटा भाऊ चाळिशीचा, अबोल, कामाला चोख. वायरिंग आणि लॅपटॉपवरची सगळी कामं त्याची. दोघं भाऊ एकाच घरात राहत, धाकटा वरच्या मजल्यावर. गॅरेजमध्ये शेवटचा शब्द मात्र दादाचा, हे कधी ठरवावं लागलं नव्हतं.

एके दिवशी गॅरेजसमोर एक लाल, दोन सीटची स्पोर्ट्‌स कार येऊन थांबली. टर्बोवाली, जुनी, पण जिवापाड जपलेली. आतून उतरल्या पन्नाशीच्या एक दातांच्या डॉक्टरीणबाई. "जन्मभर लोकांच्या तोंडात बघत आले," त्या हसून म्हणाल्या, "आता जरा रस्त्याकडे बघावं म्हटलं." हातात एक खोका होता. खोक्यात हवेचा नवा सेन्सर. इंजिन किती हवा ओढतंय ते मोजून हा सेन्सर गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतो, आणि कॉम्प्युटर तेवढं पेट्रोल सोडतो. जुना अरुंद होता, जोर दिला की मोजणी तोकडी पडायची. नवा रुंद नळीचा होता.

दोघा भावांनी काम हाती घेतलं. फिल्टर आणि टर्बो यांच्या मधला जुना सेन्सर काढला. नवी नळी रुंद, म्हणून कानसेनांनी रबरी पाइप कापून नवा जोड बसवला, नळीवरचा बाण टर्बोकडे आहे ना ते दोनदा पाहिलं, पट्ट्या आवळल्या. कुठून हवा चोरून आत शिरली तर मोजणीचा बट्ट्याबोळ होतो, म्हणून प्रत्येक सांध्यावरून बोट फिरवून पाहिलं. धाकट्याने वायरी जुळवून सोल्डरने डाग दिला आणि लॅपटॉप लावून कॉम्प्युटरला नव्या सेन्सरची मापं शिकवली. मग दोघं गाडी फिरवून आले.

"दादा," धाकटा स्क्रीनकडे बघत म्हणाला, "मी पेट्रोल थोडं जास्तच ठेवतो. मोठ्या गॅरेजच्या जोर मोजायच्या मशीनवर चढवून एकदा तपासू, मग कमी करू."

कानसेन डोळे मिटून इंजिनापाशी उभे होते. त्यांना इंजिन भरडं, जड वाटत होतं. "पेट्रोल जास्त होतंय. घुसमटतंय बिचारं. कमी कर."

"कमी केलं की जोर देताना नॉकिंग दाखवतोय हा, आत अवेळी भडका उडतोय. बघ ना."

"लॅपटॉपला काय कान आहेत?"

चहा पीत उभी असलेली गिऱ्हाइकं खो खो हसली. धाकट्याने एकदा दादाकडे पाहिलं आणि निमूटपणे पेट्रोल कमी केलं. इंजिन मोकळं झाल्यासारखं गुरगुरलं. कानसेनांनी बॉनेट लावलं.

दोन आठवड्यांनी डॉक्टरीणबाई परत आल्या. गाडी पळते छान, पण चढावर पाय दाबला की पुढून टिकटिक येते म्हणाल्या. बाटलीत खडे हलवल्यासारखी, बारीक. कानसेन त्यांच्या शेजारी बसून चढावर गेले. बाईंनी पाय दाबला.

"आली! ऐकलीत?"

कानसेनांना टर्बोची घरघर आली, टायरांचा आवाज आला. टिकटिक नाही. बाईंच्या चेहऱ्यावरून कळत होतं की आवाज आहे, आत्ता, याच घटकेला आहे. तेवढ्यात म्हणता आलं असतं, की थांबा, भावाला बसवतो. दोन शब्दांचं काम होतं.

"काही नाही हो," ते म्हणाले.

गॅरेजमध्ये परतल्यावर बाई पुन्हा म्हणाल्या, आवाज आहे. चारपाच माणसं उभी होती. तेव्हा कानसेन मोठ्याने म्हणाले, "मॅडम, हौसेची गाडी असली की माणसाला भलभलते आवाज येतात. आमच्याकडे एकाला तर गाडी उभी असतानाही यायचे!" पुन्हा हशा पिकला. बाईंचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. त्या गाडीत बसून निघून गेल्या. धाकटा हातातलं काम सोडून बघत राहिला होता. कानसेनांनी त्याच्याकडे पाठ केली.

गाडी परत आली ती ट्रकवर लादून. घाटात भर चढावर धूर ओकून बंद पडली होती. बाई दोन तास एकट्या रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. इंजिन खोललं. दुसऱ्या पिस्टनची कड उंदराने कुरतडलेल्या बिस्किटासारखी झाली होती. पेट्रोल कमी पडलं की आतला भडका अवेळी उडतो आणि धातू खातो. टिकटिक होती ती हीच. गाडी हाका मारत होती, आणि डॉक्टरीणबाई सोडून कोणी त्या ऐकायला तयार नव्हतं.

बाई समोर उभ्या होत्या. "हे कशामुळे झालं?" त्यांनी अगदी शांतपणे विचारलं.

कानसेनांच्या तोंडून जे निघालं त्याचं त्यांना पुढे कितीतरी दिवस नवल वाटत राहिलं. इतकं सहज निघालं. "फिटिंग माझं, त्यात खोट नाही," ते म्हणाले. "मापांचं सेटिंग ह्याचं." आणि त्यांचं बोट धाकट्याकडे गेलं.

धाकट्याच्या हातात तो पिस्टन होता. त्याने पिस्टन ट्रेमध्ये ठेवला, हात साबणाने धुतले, नखंसुद्धा घासली, आणि भर दुपारी घरी निघून गेला.

संध्याकाळी बायकोने विचारलं, "भावजी वरून खाली आले नाहीत. जाऊबाईंचे डोळे सुजलेत. काय झालं?"

"काही नाही. कामाचं."

ती ओट्याकडे वळली. कानसेन पेपर चाळत बसले. थोड्या वेळाने ती एकदम समोर येऊन उभी राहिली. "मी आत्ता काय म्हणाले?"

कानसेनांनी मान वर केली.

"पाठमोरी उभी राहून तीनदा बोलले मी. काय म्हणाले, सांगा." ते तिच्या ओठांकडे बघत राहिले. "दोन वर्षं झाली, मी तुमच्याशी पाठीमागून बोलणं सोडलंय. प्रत्येक गोष्ट समोर येऊन सांगते. आपल्या पोरीलाही तसंच शिकवलंय. तुमच्या कधी ध्यानात आलं?"

आलं नव्हतं. आपण लपवतोय एवढंच ध्यानात होतं. घरातली दोन माणसं ते झाकून धरायला रोज खोल्या ओलांडत होती, हे मनातही आलं नव्हतं. कानसेनांनी पेपर तोंडापुढे धरला, पण वाचता एक अक्षर येईना. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी ते डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गेले. बाकावर पाचसहा पेशंट होते. कानसेन हात मांड्यांवर ठेवून, काय बोलायचं ते मनात घोळवत बसले. बऱ्याच वेळाने शेजारच्या आजींनी त्यांना कोपराने ढोसलं. सगळी खोली त्यांच्याकडे बघत होती. दारातली मुलगी किती वेळ हाक मारत होती कोण जाणे. ते गडबडीने उठले, तर पाय टेबलाला अडखळला आणि मासिकं खाली पसरली. ती गोळा करताना कान तापले होते, आणि कोणी हसलं की नाही हेसुद्धा त्यांना कळलं नाही.

आत डॉक्टरीणबाई मास्क लावून उभ्या होत्या. त्या काहीतरी म्हणाल्या. ओठ दिसत नव्हते. नुसते डोळे, रागावलेले.

"अं?" कानसेन म्हणाले.

त्या पुन्हा बोलल्या.

"मॅडम, ते... तोंडावरचं जरा काढता का?" त्यांचा आवाज फुटला. "ओठ दिसले नाहीत तर मला समजत नाही. बारीक आवाज येतच नाहीत मला. त्या दिवशीही आला नव्हता. तुम्हाला येत होता तो खरा होता. भावाने पेट्रोल जास्त ठेवलं होतं, मी कमी करायला लावलं. त्याची काही चूक नाही."

बाईंनी मास्क खाली ओढला.

"इंजिन तर बनवून द्यालच," त्या सावकाश, शब्द वेगळे करत म्हणाल्या. "त्याचं काही नाही. पण तुम्ही मला चार माणसांत खुळी ठरवलंत. मी घरी जाऊन गाडीत बसायचे आणि स्वतःलाच विचारायचे, की खरंच येतोय का मला आवाज. मला माझ्याच कानांवर संशय घ्यायला लावलंत. स्वतःच्या कानांचं नाव जाऊ नये म्हणून."

"चुकलं," ते म्हणाले. तो शब्द इतका लहान वाटला की पुन्हा उच्चारायची लाज वाटली. बाईंनी "ठीक आहे" म्हटलं नाही. मास्क वर ओढला आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

भावाशी बोलणं त्याहून अवघड गेलं. ते जिना चढून वर गेले. किती वर्षांत गेले नव्हते. नेहमी धाकटाच खाली यायचा. तो वायरींचा गुंता सोडवत बसला होता. कानसेनांनी दारातूनच सगळं सांगितलं, कानांचं, डॉक्टरीणबाईंचं.

"कानांचं मला माहीत होतं," धाकटा म्हणाला. त्याने तोंड वर करून, दादाला दिसेल असं म्हटलं. "फोन कधीपासून माझ्याकडे देतोस? म्हणून तर त्या दिवशी मी नमलो. तुझा चारचौघांत पाणउतारा नको म्हणून. चूक माझीही आहे, मी आकडे बघत होतो, तरी कमी केलं."

"तुझी नाही रे."

"कान गेले त्याचं मला काही वाटत नाही, दादा. पण तू बोट दाखवलंस. ते मला दिसलं."

कानसेन खाली मान घालून उभे राहिले. धाकट्याने "बस" म्हटलं नाही, "जा"ही म्हटलं नाही. वायरी सोडवत राहिला. थोड्या वेळाने ते जिना उतरले.

इंजिन दोघांनी मिळून बांधलं. धाकटा कामापुरतं बोलायचा: पाना दे, धर, सोड. मापं त्याने ठेवली तशी राहिली, आणि गाडी मोठ्या गॅरेजच्या मशीनवर तपासून आणली. मग डॉक्टरीणबाई आल्या. गाडीत दोनच सीट. धाकटा बाईंच्या शेजारी बसला आणि गाडी चढावाकडे गेली. कानसेन गॅरेजच्या पायरीवर बसून राहिले. गाडी परतली तेव्हा बाईंनी धाकट्याला विचारलं, "नाही ना?" तो म्हणाला, "नाही." कानसेनांना त्यांनी जाताना मान हलवली, ओळखीच्या माणसाला हलवतात तेवढीच.

बायकोने कानाचं यंत्र आणायला लावलं. ते घालून गॅरेजमध्ये गेले तर पाना पडला तरी डोक्यात घाव बसल्यासारखं व्हायचं. अर्ध्या दिवसात ते खिशात गेलं. घरी मात्र घालतात.

परवा एक जुनं गिऱ्हाईक आलं. लोकांसमोर गाडी चालू ठेवून म्हणालं, "या, सांगा बघू काय बिघडलंय!"

"मला बारीक आवाज येत नाहीत," कानसेन म्हणाले. "भावाला दाखवा."

त्या माणसाला ती थट्टा वाटली. तो पोट धरून हसला, बाकीचेही हसले. कानसेनांचा चेहरा तापला. हात पुसायचं फडकं त्यांनी उगाचच घडी करून ठेवलं, आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. या वेळी कोणी हसलं नाही, ते त्याहून वाईट होतं. शेजारच्या गाडीखालून धाकटा सरकत बाहेर आला. "चालू राहू दे," तो त्या माणसाला म्हणाला, आणि ऐकायला वाकला.