तीन प्रती आणि एक जंगल

माझ्या बायकोला तिच्या ऑफिसात सगळे तिप्पटताई म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तिला ते ठाऊक आहे, आणि मनातून आवडतंही. शास्त्रज्ञांनी गोळा केलेला डेटा सांभाळायचा, हे तिचं काम. आकाशाचे फोटो, समुद्राची तापमानं, पक्ष्यांचे आवाज, जे येईल त्याची एकेक प्रत तीन शहरांतल्या तीन केंद्रांत ठेवायची. एकाला आग लागली, दुसऱ्यात पाणी शिरलं, तरी तिसरं उरतं. इथल्या केंद्राची ती प्रमुख, आणि तिन्हीकडे चालणारे नियमही तिनेच घालून दिलेले.

मी शिंपी. दुकान घराखालीच. ऑफिसातले नियम ती जिना चढून घरी आणते आणि त्याचा ताप मला होतो. घराची एक किल्ली आमच्याकडे, एक तिच्या आईकडे, एक माझ्या बहिणीकडे. लग्नाचा अल्बमसुद्धा तीन घरांत आहे, त्यामुळे माझा त्या दिवशीचा बावळट चेहरा नाहीसा करायची सोयच उरलेली नाही. "एखादा नवरा जादा ठेवला नाहीस हे माझं नशीब," मी एकदा म्हणालो. "नवरा जागा फार अडवतो," ती म्हणाली.

तिला खपत नसे ती एकच गोष्ट: कुणी गुपचूप स्वतःजवळ चौथी प्रत ठेवणं. कुणाच्या ड्रॉवरमध्ये अशी चोरटी डिस्क सापडली की त्याची धडगत नसायची. "उद्या तू त्यात काहीतरी बदलशील, मग खरं कुठलं आणि खोटं कुठलं, हे कोण सांगणार?" मुद्दा बिनतोड असायचा. चांगले पीएचडी झालेले बाप्ये मान खाली घालून तिच्यासमोर डिस्क पुसून टाकायचे.

मग नवी दुर्बीण आली. तिचा डेटा अफाट, म्हणून तिन्ही केंद्रांना जागा मोकळी करायचा हुकूम सुटला. त्यासाठीही बायकोचा नियम होताच: एखादी गोष्ट बरीच वर्षं कुणी मागितली नसेल आणि इतर दोन केंद्रांत तिच्या प्रती असतील, तर आपली पुसायला हरकत नाही. कुठे काय आहे हे पाहायला तिघांची मिळून एक यादी कॉम्प्युटरवर होती. फक्त ती रोज रात्री एकदाच ताजी व्हायची. त्या दिवशी दुपारी तिघांनीही यादी पाहिली. तिघांनाही इतर दोघांकडे प्रत दिसली. तिघांनीही अगदी नियमाला धरून, शेजाऱ्यावर पूर्ण विश्वास टाकून, एकच गोष्ट पुसली.

ते पाखरवाल्या सरांचं जंगल होतं. सरांनी हंगामामागून हंगाम तिथे माईक टांगून पक्ष्यांचे आवाज टिपले होते. पुढे धरण झालं आणि जंगल पाण्याखाली गेलं. म्हणजे पुन्हा जाऊन टिपून आणू म्हणायची सोय नाही. सकाळी यादीत त्याच्यापुढे शून्य होतं, आणि त्या जागेवर दुर्बिणीचं आकाश येऊन बसलं होतं.

"अहो ताई, कोण मागतंय ते?" दुसऱ्या केंद्राचा प्रमुख फोनवर म्हणाला. "आपण गप्प बसू."

"मी मागतेय," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मग तिने सगळ्यांना मेल पाठवला: ज्यांनी नियम मोडून या जंगलाचे आवाज स्वतःजवळ ठेवले असतील, त्यांनी कृपया कळवावं. उत्तरं भराभर आली. ताई, असं आम्ही स्वप्नातही करणार नाही. ताई, तुम्ही सांगितलंत तेव्हाच पुसलं. ती डोकं धरून बसली.

"एवढी माणसं, आणि त्यात एकही बेशिस्त नसावा?"

मला हसू आवरेना. "अगं, तुझा धाक आहे तो! त्यांना वाटतंय, तू सापळा लावलायस."

पुढचं मला पँट आखूड करायला आलेल्या तिच्या सहकाऱ्याने सांगितलं. दुसऱ्या दिवशी ऐन जेवणाच्या वेळी ती कँटीनमध्ये उभी राहिली. "नियम मी केला होता. त्यातलं भोक मला दिसलं नाही. जंगल गेलंय आणि चूक माझी आहे. कुणाकडे असेल तर द्या, मी हात जोडते." कुणाचा घास तोंडात, कुणाचा हातात. माझा ऊर भरून आला, पण पँट हातात होती म्हणून टाके घालत राहिलो.

संध्याकाळपर्यंत बेशिस्त माणसं एकेक करून उगवली. कुणाची डिस्क मोज्यांच्या खणातून निघाली, कुणाची पियानोच्या बाकाखालून. एका बाईंनी तर ती सासूच्या कपाटात दडवली होती. एवढे गुन्हेगार आपल्या हाताखालून निसटले याचा तिला राग यावा की आनंद व्हावा, हेच तिला कळेना. तिने सगळं जुळवून पाहिलं. जवळजवळ सगळं मिळालं. पाणी चढायच्या आधीचा शेवटचा हंगाम तेवढा कुणाकडेच नव्हता.

सरांनी तिच्या नियमाप्रमाणे स्वतःजवळ काहीच ठेवलं नव्हतं, आणि त्यांना यातलं काही माहीतही नव्हतं. सांगू नका, असं सगळ्यांनी बजावलं. ती लॅपटॉप घेऊन निघाली आणि मला म्हणाली, "तू चल. मला आज स्कूटर चालवता येणार नाही."

सर आता खूप थकलेत, कानात यंत्र असतं. तिने खुर्चीत बसायच्या आधीच सांगून टाकलं. "सर, शेवटचा हंगाम गेला. माझ्या हातून गेला."

सर म्हणाले, "तो मी कधी ऐकलाच नाही गं. टिपला आणि तसाच तुमच्याकडे पाठवला. तेव्हा धीर होईना. म्हटलं, तुझ्याकडे आहे ना, मग कुठे जातोय? ऐकू सावकाश."

ती बोलणी खायची वाट पाहत उभी होती. सर रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

"बाकीच्यातलं तुला कुठलं आवडतं?" सरांनी विचारलं. "इतकी वर्षं सांभाळलंस."

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं.

"सर, मी त्यातलं कधी काही ऐकलेलं नाही. प्रती एकमेकींशी जुळतात का, तेवढंच बघत आले."

सरांनी कानातलं यंत्र नीट बसवलं आणि शेजारची खुर्ची तिच्याकडे सरकवली. "पहिला हंगाम लाव," ते म्हणाले. "आणि बस इथे."