टकल्याच्या बाजूने

टीव्हीवरच्या कुस्तीत आमचे बाबा कायम दुष्टाच्या बाजूने असत. दुष्ट म्हणजे जो समोरच्याच्या डोळ्यांत पावडर फेकतो, पंचाची पाठ वळली की लोखंडी खुर्ची हाणतो आणि ज्याला भरलेलं स्टेडियम एका सुरात शिव्या घालतं, तो. एरवी हे गृहस्थ रिक्षावाल्याशीही आवाज चढवत नसत. डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात ते स्टोअरकीपर होते. पण कुस्ती लागली, की बनियनवर मांडी घालून ओरडत, "ऊठ रे टकल्या! झगा धर त्याचा!"

टकल्या हे घरगुती नाव. खरं इंग्रजी होतं आणि लांबलचक. बाबा गेल्यावर मी मोबाइलवर ते जुने सामने शोधून पाहिले. टकल्या बहुतेक वेळा हरतो.

शाळेत असताना मी अर्थातच नायकाच्या बाजूने. तो धुरातून, फटाक्यांतून, सोनेरी झगा घालून येई. बाबा वैतागत. "मारामारीला आलाय की वरातीला? टकल्या बघ, खांद्यावर टॉवेल टाकून येतो आणि कामाला लागतो."

"पण बाबा, तो चीटिंग करतो!"

"करतो ना. पण एवढ्या लोकांत त्याचं म्हणून एक तरी माणूस नको का?"

कॉलेजात गेल्यावर मला अक्कल आली. हे सगळं आधीच ठरलेलं असतं, असं मी जाहीर केलं. बाबांनी टीव्हीवरून नजर काढली नाही. "लग्नंही ठरवूनच होतात. लागायचं ते लागतंच."

"ऐकू येतंय मला," आई आतून म्हणाली.

माझंही लग्न ठरवूनच झालं आणि काही वर्षांनी मी कळव्याहून, सासरहून, परत आले. मारहाण नव्हती, मागण्या नव्हत्या. रोजचा अपमान होता, पण आमच्या नातेवाइकांत त्याला कारण म्हणत नाहीत.

रविवारी बैठक भरली. अध्यक्ष नौपाड्याचे अण्णाकाका, बाबांचे थोरले भाऊ. सत्कारात मिळालेली शाल ते अशा प्रसंगी आवर्जून पांघरत. सोसण्याच्या महत्त्वावर त्यांचं भाषण झालं. आत्याने मला चढेल ठरवलं, मावशीने जास्त शिकलेली. आईसुद्धा डोळे पुसत म्हणाली, "अगं, एकदा जाऊन तर बघ." मग अण्णाकाकांनी निकाल दिला, "संध्याकाळी मी स्वतः पोचवून येतो हिला."

अण्णांनीच बाबांना शिकवलं, नोकरीला लावलं. त्यांच्यासमोर ते कधी बोलतच नसत. आता मात्र बाबा खुर्चीतून उठले आणि माझ्या शेजारी सतरंजीवर येऊन बसले.

"ती जाणार नाही, अण्णा."

"चूक तिची आहे, विनायक."

"असेल. तरी इथेच राहील."

अण्णाकाका चहा न घेता उठले. त्यानंतर आमच्या घरी आले ते थेट बाबा गेले त्या दिवशी.

दार लागलं तशी बाबांनी कडी घातली आणि पुन्हा ओढून पाहिली. "घाबरलात?" मी विचारलं.

"अण्णाला? मग! लहानपणापासून घाबरतो."

आईने माझी बॅग दाराशी आणून ठेवली होती. बाबांनी ती आत नेली, उघडली आणि माझ्या साड्या एकेक करून कपाटात लावल्या. घडी त्यांना कधीच नीट जमत नसे. मी मोडून पुन्हा घातली नाही.