खडवलीचा बंगला आणि माझं इंग्रजी

चहा घ्या आधी. थंड झाला तर दुसरा मिळणार नाही. हं, आता ऐका. फजिती माझीच आहे, त्यामुळे हसायला परवानगी आहे. मध्ये बोलायचं मात्र नाही.

तुम्ही मला चाळीस वर्षं ओळखता. डोंबिवली स्टेशनच्या बाजूला माझं बोर्ड रंगवायचं दुकान होतं. डॉक्टर, वकील, क्लासवाले, पोळीभाजी केंद्र, सगळ्यांचे बोर्ड मी लिहिले. मराठीत लिहिले, इंग्रजीत लिहिले. अर्ध्या डोंबिवलीचं इंग्रजी माझ्या हातचं होतं.

आणि मला इंग्रजी वाचता येत नाही.

झालं. सांगून टाकलं.

गावाला चौथीपर्यंत शाळा, पुढे ब्रश. इंग्रजी अक्षर म्हणजे माझ्यासाठी चित्र. गिऱ्हाईक कागदावर लिहून देणार, मी ते पत्र्यावर उतरवणार. आंबा रंगवायला आंब्याची भाषा लागते का? नाही ना? तसंच ते.

कोणाला कळलं नाही. मी कळू दिलं नाही. माझ्या दुकानाचा बोर्डसुद्धा इंग्रजीतच होता. दोन ओळी, सोनेरी अक्षरं, काळी सावली. समोरच्या बँकेतल्या एका कारकुनाने मजकूर लिहून दिलेला. नवीन गिऱ्हाईक रस्त्यात उभं राहून तो बोर्ड वाचायचं आणि हसत हसत आत यायचं. चांगलं अक्षर बघून माणसाचं मन प्रसन्न होतं, असं मी समजायचो.

मग फ्लेक्स आले. दुकान बंद केलं. कोपरला मुलाच्या फ्लॅटमध्ये बसून करणार काय? हात स्वस्थ बसेना. जुन्या बंगल्यांची चित्रं काढायला लागलो. मुंबईच्या शेठलोकांनी पूर्वी हवा खायला म्हणून कुठे कुठे बंगले बांधून ठेवलेत. टिटवाळ्याला आहेत, बदलापूरला आहेत. डबा घ्यायचा, घडीचं स्टूल घ्यायचं, वही घ्यायची. बरोबर कोणी नको. पत्ता मी कोणाला विचारत नाही. देवाने डोळे दिलेत.

माझं एकच तत्त्व. आहे तेच काढायचं. जास्त नाही, कमी नाही.

घरात सून आहे, स्नेहल. एम. कॉम. ठाण्याला ऑफिसात जाते. ती आल्यापासून मी इंग्रजीचं जास्तच जपलं. तिचा इंग्रजी पेपर रोज सकाळी पहिला मी उघडतो. पाच मिनिटं बघतो, दोनदा "हं" म्हणतो, एकदा मान हलवतो आणि तिला देतो. ती विचारते, "काय विशेष, बाबा?" मी सांगतो, "काही खरं नाही." आजपर्यंत एकदाही चुकलेलो नाही.

आमच्या बिल्डिंगमध्ये पाध्येमास्तर आहेत. शाळेतून रिटायर झाले, पण शाळा त्यांच्यातून काही रिटायर झाली नाही. एक दिवस दारात उभे.

"पेंटर, ठाण्याच्या एका कॉलेजात चित्रांचं प्रदर्शन आहे. जिल्ह्यातली जुनी घरं. घर शंभर वर्षांपूर्वीचं पाहिजे."

"काढतो."

"नुसतं काढून भागणार नाही. घराविषयी चार शब्द बोलायचे आहेत. प्रमुख पाहुण्या इतिहासाच्या प्राध्यापिका आहेत. तुम्हाला जमेल ना? नाहीतर तुमच्या वतीने मी बोलतो."

ते "जमेल ना" मला लागलं. चौथी शिकलेल्याकडे मास्तर कसे बघतात, ते मला माहीत आहे. म्हटलं, "माझ्या चित्रावर मीच बोलणार."

दुसऱ्या दिवशी खडवलीला उतरलो. नदीच्या अंगाने चालत सुटलो. कोणाला विचारलं नाही. अर्ध्या तासात समोर बंगला!

काय बंगला होता! काळ्या दगडाचा चौथरा, चार गोल खांब, वर कमानी, रंगीत काचा. माथ्यावर साल. अठराशे नव्वदच्या आसपासचं. आकडे मला वाचता येतात. म्हटलं, मास्तरांनी शंभर मागितले, मी वर तीस देतो.

फाटकाशी एक बोर्ड होता. इंग्रजी. पांढऱ्यावर लाल, पाच ओळी. अक्षर अगदी गचाळ. मी तिकडे दुर्लक्ष केलं आणि स्टूल मांडलं.

वॉचमन आला. तिथलाच माणूस, खांद्यावर टॉवेल.

"काका, कुठनं आलाव?"

"कोपर."

"फोटू काढाचाय?"

"चित्र."

"काढा. बोर्ड वाचलाव ना पण?"

आता मला सांगा, या प्रश्नाला मी काय उत्तर देणार? म्हटलं, "चाळीस वर्षं बोर्डच लिहितोय मी."

"मंग झाला तर. वाचलाव म्हंजे आमी सुटलो," असं म्हणून तो गेला.

दुपारी डबा खायला मी खांबापाशी गेलो. टेकून बसणार, तेवढ्यात तिकडून ओरडला, "ओ काका! टेकू नका! लिवलाय ना बोर्डावर!"

मी उठलो. मनात म्हटलं, शाबास. जुन्या वास्तूचा मान ठेवणारी माणसं अजून आहेत. पण उठताना खांबावर हात ठेवला तर खांब हलका वाजला. डब्यासारखा. म्हटलं, जुनं लाकूड वाळून असंच होत असणार.

"बांधला कोणी?" मी विचारलं.

"शेठनी."

"वाटलंच. मागची बाजू कशी आहे?"

"मागं काय नाय."

"नसू दे. मला पुढचंच काढायचंय."

हसताय काय? पुढचं ऐका.

तीन वाजेपर्यंत चित्र झालं. कमानी, काचा, दगडाचा प्रत्येक सांधा. राहिला बोर्ड. वाटलं, सोडून द्यावा. पण आहे तेच काढायचं हे तत्त्व! शिवाय हात शिवशिवत होता. काढला. नुसता काढला नाही, सुधारून काढला. अक्षरांतलं अंतर सारखं केलं, ओळी सरळ केल्या, लाल रंग भरला. सगळं चित्र पेन्सिलीचं आणि बोर्ड तेवढा लाल. लांबून वाचता येईल असा.

प्रदर्शनाच्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून ठाण्याला गेलो. बरोबर आमची मंडळी आणि स्नेहल. मुलगा कामावर. चित्र मी गुंडाळूनच ठेवलं होतं आणि सकाळी मास्तर ते तसंच घेऊन पुढे गेले होते, त्यामुळे घरात ते कोणी पाहिलेलं नव्हतं.

हॉल भरलेला. माझ्या चित्रासमोर सर्वांत जास्त गर्दी. मी हिला म्हटलं, "बघ."

कॉलेजच्या दोन पोरी बोर्डाकडे बोट दाखवत तोंडावर हात धरून उभ्या होत्या. भारावल्या असणार.

प्राध्यापिका बाई आल्या. चष्मा वर केला, खाली केला. मग मला म्हणाल्या, "काका, या बंगल्याबद्दल सांगा ना."

मी पुढे झालो. खणखणीत आवाजात सांगितलं. "हा खडवलीचा बंगला. एका शेठनी बांधला. सव्वाशे वर्षं झाली, पण खांब बघा, कमानी बघा. दगडाला दगड कसा बसवलाय! आजच्या कारागिराला असं काम जमणार नाही. आज सगळा नकलीपणा. त्या वेळी माणूस खरा, म्हणून काम खरं. ज्याला डोळे आहेत त्याला हे दिसतं."

कोणीतरी खोकलं. पाध्येमास्तर पुढे आले, बोर्डाला नाक लावून त्यांनी पाचही ओळी वाचल्या आणि माझ्याकडे वळले. त्यांचे ओठ हलायला लागले.

आणि मला कळलं. बोर्डावर काहीतरी आहे. काय आहे ते हॉलमधल्या सगळ्यांना माहीत आहे. चित्रकार सोडून.

आता मास्तर विचारणार, "पेंटर, वाचलं नाही का?" ठाण्याच्या कॉलेजात, हिच्यासमोर, सुनेसमोर, चाळीस वर्षं धुऊन निघणार.

तेवढ्यात मागून स्नेहल मोठ्याने हसली. टाळी वाजवून म्हणाली, "बाबा, कमाल करता तुम्ही! एवढं गंभीर तोंड करून! मॅडम, आमचे बाबा असेच आहेत. चेष्टा करतात आणि स्वतः हसत नाहीत. मुद्दाम एवढा लाल काढलाय तो बोर्ड!"

आधी बाई हसल्या. मग सगळा हॉल. टाळ्या! "वा काका!" "काय टोमणा मारलाय!" मी तसाच उभा. माझं तोंड गंभीरच असतं, ते त्या दिवशी कामाला आलं.

बाई भाषणात म्हणाल्या की आज जुन्याच्या नावाखाली जे चाललंय, त्यावर या काकांनी अचूक बोट ठेवलंय. मला पहिलं बक्षीस दिलं. पाध्येमास्तर हात दाबून म्हणाले, "पेंटर, तुम्ही एवढे मिश्कील असाल असं वाटलं नव्हतं हो!"

मलाही वाटलं नव्हतं.

बक्षीस घरी आलं, चित्र घरी आलं. पण बोर्डावर आहे काय? विचारायचं कोणाला? माझ्याच चित्राचा अर्थ मी लोकांना विचारत फिरू? हिला काय, माझ्याहून कमी येतं. चार दिवस जेवण गोड लागलं नाही. पाचव्या दिवशी स्नेहल एकटी सापडली. मी चित्र पुढे केलं.

"अक्षर नीट लागतं का बघ. वाच जरा मोठ्याने."

तिने वाचलं. सावकाश. "सूचना. हा शूटिंगचा सेट आहे. भिंती आणि खांब प्लायवूडचे आहेत, टेकू नये. मागे बंगला नाही. लग्नाआधीच्या फोटोंसाठी भाड्याने मिळेल."

प्लायवूड! दगड रंगवलेला! चाळीस वर्षांच्या पेंटरला पेंटरनेच फसवला!

मग माझ्या ध्यानात आलं. "तू हे मराठीत का वाचलंस?"

ती चित्र गुंडाळायला लागली.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"लग्न होऊन आले त्या दिवसापासून, बाबा."

मी स्वयंपाकघराकडे वळून ओरडलो, "अगं, तू सांगितलंस?"

आतून उत्तर आलं, "मी कशाला सांगू? मला काय कळतंय त्यातलं?"

"आईंनी नाही सांगितलं," स्नेहल म्हणाली आणि तिने बाल्कनीकडे बोट केलं. तिथे पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून माझ्या दुकानाचा जुना बोर्ड ठेवलेला आहे. सोनेरी अक्षरं, काळी सावली. दोन ओळी.

"पहिल्या ओळीत तुमचं नाव आहे, बाबा. आणि पेंटर."

"आणि दुसऱ्या?"

ती खाली बघत म्हणाली, "'काका, रंगवायच्या आधी हे एकदा कोणाला तरी दाखवून घ्या.'"

कारकुनाने कागदावर खाली मला चिठ्ठी लिहिली होती. मी तीही रंगवली. सव्वीस वर्षं दुकानावर होती. आणि ती ओळ जरा मोठीच काढलेली, कारण खाली जागा उरत होती.

आता हसा. परवानगी दिली ना?

काय झालं? एकमेकांकडे काय बघताय?

म्हणजे तुम्हीही वाचला होतात?