दाजींच्या करंगळीचा मोती

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचा मोती मी दुधाबरोबर गिळला.

खड्यांवर विश्वास ठेवणारी माणसं जगात पुष्कळ असतील. पण खड्यांनीच ज्याच्यावर विश्वास टाकावा असा माणूस एकच, आमचे दाजी. चौसाळ्याच्या अलीकडच्या गावात ते दूध संस्थेचे चेअरमन. हात जोडले की सराफाचं दुकान उघडल्यासारखं वाटायचं. दुधाला फॅट लागेना की कॅनवरून पुष्कराजाचं बोट फिरवायचे. मीटिंगमध्ये कुणी विरोधात बोलू लागला की गोमेद त्याच्या दिशेला वळवून स्वस्थ बसायचे. तो माणूस पुढं तासभर बोलायचा, ते वेगळं. नीलम म्हणे आधी उशाखाली ठेवून पारखावा लागतो. दाजींनी ठेवला, आणि सकाळी म्हशीनं लाथ मारली म्हणून लगेच परत केला. ती म्हैस रोजच लाथ मारते, हे आक्कानं सांगून पाहिलं. "आज जोरात मारली," दाजी म्हणाले.

त्या वर्षी पाऊस नावालाही पडला नाही. संस्थेच्या आवारात जनावरांच्या हौदासाठी बोअर मारायचं ठरलं. पाणी लागलं तर ठीक, नाहीतर सभासद जनावरं बाजाराला काढणार आणि संस्थेला कुलूप लागणार. मोती म्हणजे चंद्र, चंद्र म्हणजे पाणी, असा दाजींचा हिशेब. सोमवारी सकाळी मोत्याला कच्च्या दुधाची आंघोळ, मग सोनाराकडून कोंदणात, मग करंगळीत, आणि मग बोअरची गाडी सुरू.

मी नेमका रविवारी मुक्कामाला. घरातलं थेंबन् थेंब दूध संस्थेला जायचं, आम्हाला कोरा चहा. सकाळी देवघरात वाटीभर दूध दिसलं. नैवेद्याचं असेल, देवाचं झालं असेल, असा सोयीस्कर विचार करून एका घोटात संपवलं. घशात काहीतरी टणक गेलं. मला वाटलं, साय.

दाजींनी रिकामी वाटी पाहिली, मग मला पाहिलं. एक-दोन दिवसांत मोती परत मिळेल, असं मी चाचरत सुचवलं.

"तसला मोती देव तरी घेईल का, पाव्हणं?" ते म्हणाले. मग थोडा विचार करून: "पण अंगाला लागायचा तो अंगाच्या आत गेलाय. चला."

आणि सगळ्या गावादेखत, बोअरची गाडी धडधडत असताना, चेअरमन माझी करंगळी मुठीत धरून उभे राहिले. अंगठी म्हणून मी! दुपार झाली. बोअरमधून निघे ती नुसती भुकटी. माझ्या भुवयासुद्धा राखाडी झाल्या. शेवटी गाडी थांबली. एक म्हातारा सभासद डोक्याचं मुंडासं सोडत म्हणाला, "चेअरमन, आता जनावरं बाजारालाच न्यावी लागत्यात."

दाजींच्या हाताला घाम सुटलेला मला कळत होता. त्यांनी माझी करंगळी सोडली आणि आवाज चढवला, "बाजार कावून? पाणी हाय! मोती ह्या पाव्हण्याच्या पोटात अडकलाय, म्हणून पाणी वर येईना. ह्याला गावाला लावून देतो, अन् पुढल्या सोमवारी वढ्याच्या अंगाला मारू."

आधी तो म्हातारा हसला, मग सगळं आवार. दावणीची जनावरं त्या हसण्यावर आठवडाभर दावणीलाच राहिली.

पुढल्या सोमवारी पाणी लागलं. फार नाही, हौद भरण्यापुरतं. कोणता खडा घातला होता, म्हणून मी फोनवर विचारलं.

"खडा कशाचा? तुमी न्हवता, तेवढं लई झालं."

दाजी आता थकलेत. बोटं वाळलीत, अंगठ्या गळून पडू नयेत म्हणून आक्कानं त्यांना दोरा गुंडाळलाय. करंगळी तेवढी अजून मोकळी. परवाच्या खेपेला मी एक मोती घेऊन गेलो. दाजींनी तो उजेडाकडे धरून कितीतरी वेळ पाहिला. मग डोळे पुसत आत हाक मारली, "अगं, वाटीत कच्चं दूध आण."

आक्का वाटी घेऊन आली. मला बघून उंबऱ्यातच थांबली आणि वाटीवर ताटली झाकत म्हणाली, "ठेवते. पण आधी ह्याला यष्टीत बसवून या."