आधी मध्यरेषा

वर्तुळ काढायला सांगितलं तर माणूस आधी काय काढतो? मी मध्यरेषा काढतो. एक आडवी, एक उभी, आणि त्या छेदतात तिथे केंद्र. सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून सगळी नोकरी मी मोऱ्या आणि नळकांडी पूल काढण्यात घालवली. मध्यरेषेशिवाय गोल दिसला की आमचे साहेब कागद टराटरा फाडून टेबलाखाली टाकायचे. तेव्हा त्यांचा राग यायचा, पण सवय लागली ती कायमची.

आणि धंतोलीतल्या त्या दवाखान्यात पंचविशीतली एक पोरगी मला सांगत होती की हे चूक आहे!

तिथे मी स्वखुशीने गेलो नव्हतो. मुलगा पुण्याहून येऊन घेऊन गेला होता. कारण काय, तर भाजी घेऊन परतताना मी रस्ता चुकलो आणि शेजाऱ्याने लगेच त्याला फोन करून कळवलं. अहो, आमच्या हुडकेश्वरला इतके नवे लेआउट पडलेत की पोस्टमनसुद्धा चुकतो. सगळी गेटं सारखी, गच्चीवरच्या टाक्याही सारख्या. पण नाही. बायको गेल्यापासून मी एकटा राहतो, म्हणजे माझं डोकं फिरलं असणारच. मुलाने स्वच्छ सांगून टाकलं, "बाबा, रिपोर्ट चांगला आला तर राहा इथंच. नाहीतर माझ्यासंग पुण्याले चला." घर माझं, नकाशा माझ्या हातचा, आणि त्यात मी राहायचं की नाही ते दवाखान्यातला कागद ठरवणार. नुसत्या विचाराने माझी कानशिलं तापली होती.

तर स्मरणशक्ती तपासणाऱ्या त्या पोरीने कोरा कागद पुढे केला. "आजोबा, घड्याळ काढा बरं. आधी गोल काढा, मग आकडे, मग काटे."

पेन्सिल बोथट होती. तरी मी आडवी मध्यरेषा ओढली, मग उभी.

"हे काय करून राहिले, आजोबा? मी गोल काढा म्हटलं ना."

"गोलच काढून राहिलो. आधी मध्यरेषा घेतो."

"अशा रेघा नाही पाहिजे. समजलं नाही का तुम्हाले?"

तिने कागद ओढून घेतला आणि आपल्याजवळच्या तक्त्यात शून्य टाकलं. मग मात्र माझा तोल गेला. "काहून घेतला कागद? केंद्रच नाही तर काटे कुठून काढू, तुह्या टेबलावरून?" बाहेर बाकावर बसलेले पेशंट आत डोकावायला लागले.

मुलगा शेजारीच बसला होता. आर्किटेक्ट आहे. कॉम्प्युटरवर माउस सरकवला की त्याचं वर्तुळ तयार होतं, पण तिथेही आधी केंद्रावर टिचकी मारावी लागते. हे त्याला ठाऊक नाही असं कसं म्हणू? एक शब्द बोलला असता तर बिघडलं असतं का?

"बाबा, चिडू नका. त्या म्हणतात तसं काढा," एवढंच म्हणाला.

तिने दुसरा कागद पुढे सरकवला. ठीक आहे, म्हटलं, काढतो. हातानेही वर्तुळ येतं मला. करंगळी कागदावर टेकवायची आणि मनगट सावकाश फिरवायचं. वरून सुरुवात केली, उजवीकडून खाली आलो, डावीकडून वर चढलो, आणि जिथून निघालो तिथे हात पोचलाच नाही. रेघ आत घसरली. तांदळाचा दाणा सहज जाईल एवढी फट राहिली.

"वा आजोबा! किती छान गोल!" असं म्हणून तिने ते शून्य खोडलं आणि गोलाला पैकीच्या पैकी मार्क टाकले. पेन्सिल भिंतीवर फेकून मारावीशी वाटली मला. बरोबर काढलं त्याला शून्य, आणि चुकलं त्याचं कौतुक!

मी मुलाकडे पाहिलं. त्याची नजर नेमकी त्या फटीवर होती. कॉलेजात गेल्यापासून हा पोरगा माझ्या रेघा स्क्रीनवर मोठ्या करून करून चुका दाखवत आला. एक चूक सोडली नाही त्याने. त्यावरून आम्ही कितीदा जेवता जेवता भांडलो आहोत. आता दाखव ना लेका, म्हटलं मनात. भांड माझ्याशी.

"मस्त आला, बाबा," तो म्हणाला. आपल्या लहान पोरीचं चित्र पाहताना तो ज्या आवाजात बोलतो, त्याच आवाजात. रिपोर्ट यायचा होता, पण पुण्याला जायचं ठरलं हे मला तिथेच कळलं.