विचारलं तेवढंच

इंटरॅक्शनच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता मी कामोठ्यात सुनंदावहिनींच्या घरी ब्रीफिंग घेतलं. वहिनी म्हणजे फौजेतल्या माझ्या सेक्शनमधल्या नाईक दत्ता शेलारची पत्नी. त्यांच्या पाच वर्षांच्या ईश्वरीला मोठ्या इंग्रजी शाळेत घालायचं होतं. प्रवेशासाठी मुलाखत घ्यायला कायद्याची बंदी आहे, म्हणून शाळा तिला इंटरॅक्शन म्हणते. फीची अडचण नव्हती. पेन्शन होती.

"विचारलं तेवढंच सांगायचं," मी म्हणालो. "वेळ, ठिकाण, काम. पाल्हाळ नको."

"लई टेन्शन आलंय, भाऊजी. रडू आलं तर?"

"त्याची ऑर्डर नाही."

हवालदार म्हणून मी पोरांना हेच शिकवलं. दत्ता त्यातला पहिला नंबर. साताऱ्याकडचा, वडील वाशीच्या मार्केटात माथाडी, स्वतः दहावीला दोनदा आपटलेला. पण रेडिओवर त्याचा एक शब्द वाया जात नसे.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी एलओसीजवळच्या पोस्टवरून तो दोन जवान घेऊन पेट्रोलवर गेला. पाच चाळीसला फायर आलं. सेटवर मी होतो.

"कॉन्टॅक्ट. शत्रूचे दोन जण. नाल्याचा डावा काठ. ओव्हर."

"पार्टी पाठवतोय. ओव्हर."

"नाल्यातून नको. वरच्या वाटेनं. ओव्हर."

आठ जण वरच्या वाटेनं गेले. आठही परतले, दत्ताचे दोन जवानही परतले. दत्ताला पहिल्याच फैरीत पोटात गोळी लागली होती. त्यानं सांगितलं नाही, कारण मी विचारलं नव्हतं.

इंटरॅक्शन सात मिनिटं चाललं. बाहेर येऊन वहिनींनी रिपोर्ट दिला.

"मुलीच्या सर्वांगीण विकासासाठी काय करता, मॅडम म्हणाल्या. सांगितलं, सहाला उठवते, संध्याकाळी सातला अभ्यास, नऊला झोप. मग विचारलं, वडील काय करतात? म्हटलं, नाहीत."

"पुढं?"

"पुढं त्यांनी विचारलं नाही. तुम्हीच म्हणालात ना, विचारलं तेवढंच."

आमच्या आधीचं जोडपं चाळीस मिनिटं आत होतं. त्याआधी बाकावर बसून त्यांनी पाठांतर केलं होतं: परदेशची सहल, पियानो, मुलाची 'पॅशन'. मुलाचं वय पाच. याला शाळा संस्कार म्हणते. रोज सहाला उठवणारी आई त्यात बसत नाही. एका घरात मूल बोलायला शिकतं, दुसऱ्यात काम करायला, आणि शाळा फक्त बोलण्याला मार्क देते. गेटवर 'सर्वांना समान संधी' हे मात्र सोनेरी अक्षरांत आहे.

आठवड्यानं नकार आला. शेरा: घरचं वातावरण पोषक नाही.

"मी जातो आणि दत्ता कोण होता ते सांगतो," मी म्हणालो.

"नको भाऊजी. त्यांच्या नावावर पोरीला वर्गात बाक नको." ईश्वरीसाठी जवळची मराठी शाळा ठरली.

जानेवारीत त्याच इंग्रजी शाळेचा मला फोन. माजी सैनिकांच्या यादीतून नंबर काढला होता.

"सर, सव्वीस तारखेला शहिदाच्या कुटुंबाचा सत्कार ठेवलाय. आपल्या भागात कोणी आहे का?"

मी वहिनींना विचारलं.

"शाल इंग्रजीत पांघरतात का, विचारा त्यांना," त्या म्हणाल्या.

मी शाळेला कळवलं, "कुटुंब आहे. येणार नाही. डिसेंबरात तुमच्यासमोर सात मिनिटं बसलं होतं. फाइल काढा, शेरा वाचा."



शाळेवर मी अजून चिडतो. मग स्वतःची पाळी येते. नाईक दत्ता शेलार, दहावी नापास, दहा माणसं जिवंत घरी पाठवून गेला. "दत्ता, तू बरा आहेस?" चार शब्द होते. मीही विचारले नाहीत.